घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवताना: काळजी कोणाची, जबाबदारी कोणाची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्वतःचा घोडा आहे, पण तो बांधायला जागा नाही, म्हणून दरमहा पैसे भरून तो दुसऱ्याच्या पागेत ठेवायचा, ही सोय पुण्या-मुंबईच्या आसपास अनेकांच्या परिचयाची आहे. या व्यवस्थेबद्दल घोडेमालक, पागा चालवणारे आणि कधीकधी मोतद्दार (घोड्यांची रोजची निगा राखणारी) मंडळीही मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी दोन्ही बाजूंनी हा अनुभव घेतला आहे: आधी दुसऱ्याच्या पागेत घोडी ठेवणारा म्हणून आणि नंतर दुसऱ्यांचे घोडे सांभाळणारा म्हणून. कायद्याची कलमे गरजेपुरती दिली आहेत. प्रत्यक्ष वाद उभा राहिला असेल, तर वकिलाला विचारूनच पुढचे पाऊल उचलावे.

१. घोडा माझा, पण राहतो दुसऱ्याच्या पागेत. मग कायद्याने त्याची जबाबदारी कोणाची?

दोघांचीही, आणि ती एकाच वेळी. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ३ नुसार, ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली प्राणी आहे अशा प्रत्येकाने त्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये ‘मालक’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात खऱ्या मालकाबरोबरच, त्या वेळी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे ती व्यक्तीही येते. त्यामुळे घोडा उपाशी राहिला तर ‘घोडा आमचा नाही’ असे पागेला म्हणता येत नाही. दुसरीकडे, कलम ११(२) प्रमाणे वाजवी काळजी व देखरेख न ठेवणारा मालकही दोषी धरला जातो, म्हणून ‘मी तर दरमहा पैसे भरत होतो’ एवढ्यावर मालकाची सुटका होत नाही. पैसे भरणे आणि देखरेख करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याखेरीज भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १५१ आहे. सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यावी लागते, असे ते सांगते. घोड्याला ‘वस्तू’ म्हणणे माझ्या जिवावर येते. पण नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला की याच कलमाचा आधार घ्यावा लागतो. पुढे कलम २, ३, ११ आणि १३ ही १९६० च्या कायद्याची, तर १५० ते १७० ही करार कायद्याची समजावीत.

२. रोजच्या कामांपैकी पागेचे कोणते आणि मालकाचे कोणते?

साधारण रीत अशी आहे. दाणा-वैरण, पाणी, ठाणाची (घोडा बांधायच्या जागेची) सफाई, खरारा (अंग घासणे), रोजचे फिरवणे आणि रोजची पाहणी हे पागेकडे असते. नालबंद, दातांची तपासणी, लसी, जंताचे औषध आणि डॉक्टरांची फी यांचा खर्च मालकाकडे असतो. मात्र या गोष्टींच्या तारखा कोणी लक्षात ठेवायच्या, हे बहुतेक ठिकाणी कोणीच ठरवलेले नसते. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी पाहावे लागतात, दात वर्षातून एकदा तरी, आणि धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही. भटकी कुत्री असलेल्या परिसरात रेबीजच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

माझ्या घोडीचे जे झाले, ते येथे सांगितले पाहिजे. मे महिना होता. नेहमीचा मोतद्दार जत्रेसाठी गावी गेला होता आणि बदली मुलगा नवा होता. रविवारी मी गेलो, तेव्हा तिच्या बादलीच्या आतल्या कडेला हिरवट शेवाळाचा चिकट थर होता आणि पाणी अर्ध्यावर होते. हात बुडवला तर ते कोमट लागले. खाली पडलेली लीद लहान, काळपट आणि इतकी कोरडी होती की बुटाने दाबली तर फुटत होती. चार दिवस ती नीट पाणी प्यायली नव्हती. पागेला वाटत होते की काही कमी-जास्त असेल तर मालक बोलतील. मला वाटत होते की रोज बघणारी माणसे तिथे आहेत. त्याच रात्री तिच्या पोटात लीद अडकून शूळ उठला. ती वाचली, पण तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे: दोघांपैकी एकाने दुष्टपणा केला म्हणून घोड्याचे हाल होतात असे क्वचितच दिसते; काम दुसऱ्याचे आहे असे दोघांनाही वाटत असते, तिथे ते होतात.

३. ‘पुरेसे’ खाणे-पाणी म्हणजे नेमके किती?

साधारण ४०० ते ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या घोड्याला ५० लिटरच्या पुढेही लागू शकते. पाणी चोवीस तास समोर असावे आणि बादली रोज घासलेली असावी.

वैरणीचा हिशेब कोरड्या वजनावर करावा, कारण फसगत तिथेच होते. घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा रोज हवा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा किलो. हिरव्या लसूणघासात बहुतेक पाणीच असते, त्यामुळे दहा किलोची पेंढी टाकली तरी कोरडा चारा दोन किलोच्या आसपासच भरतो. चंदी (दाण्याचा खुराक) एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त देऊ नये. लागलीच तर दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी. नुसत्या कोंड्यावर आणि हत्तीगवतावर घोडा ठेवला तर हाडांतले चुन्याचे (कॅल्शियमचे) प्रमाण बिघडते, कारण कोंड्यात स्फुरद जास्त असते आणि या गवतातील ऑक्झलेट चुना बांधून ठेवते. कोवळी ज्वारी घोड्याला मुळीच देऊ नये. गाई-म्हशींचे तयार पशुखाद्यही घोड्यासमोर येता कामा नये, कारण त्यात कधीकधी मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याचा जीव घेते. ज्या पागेत गोठाही आहे, तेथे दोन्हींची पोती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली आहेत का, हे जागा पाहायला गेल्यावर पहिल्यांदा विचारावे.

४. पागेशी लेखी करार करावा का? त्यात काय असावे?

करावाच, मग पागा कितीही ओळखीची असो. शुल्क आणि नोटिशीचा काळ सगळेच लिहितात. त्याहून महत्त्वाच्या गोष्टी पुढच्या आहेत: दिवसाची वैरण किती किलो आणि कोणती; घोडा दिवसातून किती वेळ मोकळा सोडायचा; लस, नाल आणि जंताच्या औषधाच्या तारखांची वही कोणाकडे; दोन डॉक्टरांची नावे; आणि मालकाशी संपर्क झाला नाही तर पागेने कोणत्या रकमेपर्यंत उपचार स्वतःच्या निर्णयाने करावेत. मालकाच्या जागी निर्णय घेऊ शकेल अशा एका माणसाचा फोन क्रमांकही त्यात असावा. घोडा आला त्या दिवशीचे दोन्ही बाजूंचे, समोरचे आणि चारही खुरांचे फोटो काढून करारासोबत ठेवावेत. नंतरच्या निम्म्या भांडणांना या फोटोंमुळे जागाच उरत नाही.

५. रात्री घोड्याला शूळ उठला आणि मालकाचा फोन लागत नाही. पागेने परवानगीची वाट पाहावी का?

मुळीच पाहू नये. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात साचलेला वायू आणि अन्न वरच्या वाटेने बाहेर पडत नाही, म्हणून शूळ हे घोड्याच्या बाबतीत नेहमीच तातडीचे प्रकरण असते. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, बसतो-उठतो, लोळतो, चंदी तशीच सोडतो आणि लीद थांबते. यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी डॉक्टरांना फोन करावा. तोवर दाणा-वैरण काढून घ्यावी, नाडी मोजावी आणि वेळेसह लिहून ठेवावी. विश्रांतीत असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ६० च्या पुढे राहिली तर प्रकृती गंभीर आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. घरात उरलेले वेदनाशामक इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नये, कारण वेदना दबली की डॉक्टरांना आजाराचा अंदाज येत नाही.

कलम ३ मधील कर्तव्य मालकाच्या परवानगीवर अवलंबून नाही. खर्चाचा वाद नंतर सोडवता येतो, आणि करारात रकमेची मर्यादा लिहिली असेल तर तो उद्भवतही नाही (प्रश्न ४ पाहा). मालकांनी मात्र एक लक्षात ठेवावे: रात्री अडीच वाजता आपला घोडा वाचवण्यासाठी ज्या पागेने पैसे घातले, तिचे बिल दुसऱ्या दिवशी घासाघीस न करता चुकते करावे.

६. चूक मोतद्दाराची असेल तर जबाबदार कोण?

मालकाच्या दृष्टीने पागा. मोतद्दार पागेच्या वतीने काम करतो, म्हणून कामाच्या ओघात झालेल्या त्याच्या हलगर्जीपणाची भरपाई पागेकडे मागता येते. एखाद्याने जाणूनबुजून घोड्याला मारून जायबंदी केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो गुन्हा करणाऱ्याचा स्वतःचा असतो.

मोतद्दारावर खापर फोडण्याआधी त्याच्याकडे किती घोडे आहेत, त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का आणि तो गावी गेला की बदली कोण येतो, हे विचारावे. पहाटे चारला उठून चार घोडी फिरवणाऱ्या माणसाला पंधरा ठाणी लीदही उचलायला लावली, तर सोळाव्या ठाणातली बादली रिकामीच राहणार. घोड्याचे बदललेले कान आणि न संपलेला तोबरा सर्वांत आधी त्यालाच दिसतो. त्याने ते सांगितल्यावर कोणी ऐकून घेत असेल, तरच पुढचे सगळे शक्य होते.

७. पावसाळ्यात वेगळी जबाबदारी असते का?

असते, आणि ती मुख्यतः पागेची आहे. ओल्या, लिदीने भरलेल्या ठाणात चार दिवस उभा राहिलेला घोडा खुराच्या तळव्यातून कुजू लागतो. काळा, दुर्गंधी येणारा चिखल निघू लागला की डॉक्टर आणि नालबंद दोघांनाही बोलवावे. बुरशी लागलेला कडबा फेकून द्यावा, वाळवून पुन्हा घालू नये. पाऊस उघडल्यानंतर चावणाऱ्या माश्यांमार्फत सर्रा हा रक्तातील परजीवीमुळे होणारा रोग पसरतो; उतरून पुन्हा चढणारा ताप आणि पोटाखाली किंवा पायांवर सूज दिसली तर रक्त तपासून घ्यावे.

८. पागेत नवा घोडा येणार आहे. इतर मालकांनी काय मागणी करावी?

ग्लँडर्स या जिवाणूजन्य संसर्गजन्य रोगाचा तपासणी अहवाल मागावा आणि नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळ्या ठाणात, वेगळी बादली व वेगळा खरारा देऊन ठेवावा, असा आग्रह धरावा. ग्लँडर्सवर लस नाही आणि तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव, नाकात किंवा अंगावर गाठी व जखमा, ताप आणि खोकला ही त्याची लक्षणे आहेत. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाची चाचणी होते, आणि रोग निश्चित झाल्यावर घोड्याला वेदनारहित मरण देण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार, अशा रोगाची शंका आली तरी कळवणे आणि जनावर वेगळे ठेवणे हे मालकाचे तसेच ते ज्याच्या ताब्यात आहे त्याचेही कर्तव्य आहे. लपवालपवी करणारी पागा स्वतःच्या मोतद्दारांचा जीव धोक्यात घालते.

९. मी नसताना पागा माझा घोडा शिकवणीसाठी किंवा वरातीसाठी वापरते असे कळले. हे चालते का?

आपली संमती नसेल तर चालत नाही. करार कायद्याच्या कलम १५४ प्रमाणे, ठरलेल्या अटींबाहेर वापर केला तर त्या वापरात झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते, मग काळजी कितीही घेतलेली असो. या कलमाखालची दोन्ही उदाहरणे घोड्याचीच आहेत. एकात कलकत्त्याहून वाराणसीला जाण्यासाठी भाड्याने घेतलेला घोडा एक जण कटकला नेतो आणि घोडा अपघाताने पडून जखमी होतो. नीट चालवूनही भरपाई त्याच्याच माथी येते. दीडशे वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आजच्या वरातीलाही जसेच्या तसे लागू पडते.

घोडा लंगडत असेल, पाठीला खोगिराची जखम असेल किंवा तो वयाने थकलेला असेल आणि तरीही कामाला जुंपला, तर कलम ११ खाली तो क्रूरतेचा गुन्हा आहे. मालकाने स्वतः तशी परवानगी दिली असेल, तर तोही त्यात येतो.

१०. घोडा लाथ मारतो हे मालकाने सांगितलेच नाही आणि मोतद्दार जखमी झाला. आता?

मालक जबाबदार. कलम १५० नुसार माहीत असलेले दोष सांगणे देणाऱ्याचे काम आहे, आणि तेथेही कायद्याने दिलेले उदाहरण खोड असलेल्या घोड्याचेच आहे. मात्र मोकळ्या मैदानात दोन घोडे भांडले आणि एकाला दुखापत झाली, तर उत्तर सरळ नसते. पागेने स्वभाव पाहून, एकमेकांची हळूहळू ओळख करून देऊन घोडे सोडले असतील, तर वाजवी काळजी घेतली असे म्हणता येते आणि कलम १५२ पागेला संरक्षण देते. पहिल्याच दिवशी नवा घोडा आणि जुना सांड (खच्ची न केलेला घोडा) एकत्र सोडले असतील, तर ते संरक्षण मिळणे कठीण आहे. दुखापतीच्या भीतीने घोडा कायम ठाणबंद ठेवणे हा उपाय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसंबंधीच्या २०१४ च्या नागराजा निकालात प्राण्यांची जी पाच स्वातंत्र्ये मान्य केली, त्यांत स्वाभाविक वर्तनाचे स्वातंत्र्यही आहे, आणि घोडा हा कळपात चालत-चरत जगणारा प्राणी आहे.

११. मालकाने चार महिन्यांचे पैसे थकवले. वैरण कमी करावी का? घोडा अडवून ठेवता येतो का, विकता येतो का?

वैरण एक किलोनेही कमी करता येत नाही. थकबाकी माणसाची आहे, घोड्याची नाही. कलम २ मधील व्याख्येमुळे पागाही मालकच ठरते आणि कलम ११ तिलाही लागू होते (प्रश्न १ पाहा).

अडवून ठेवण्याबाबत बारकाईने पाहावे लागते. करार कायद्याचे कलम १७० श्रम किंवा कौशल्य लावून सेवा देणाऱ्याला, तिचे पैसे मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क देते. घोड्याला शिकवून तयार करणाऱ्याला त्याचा आधार घेता येतो. नुसते खाऊ घालून सांभाळणाऱ्याचा दावा कमकुवत असतो, म्हणून हा हक्क करारातच स्पष्ट लिहून घ्यावा. तो असला तरी अडवून ठेवण्यापुरताच असतो, परस्पर विकण्याचा नव्हे. लेखी नोटीस आणि नंतर दिवाणी दावा हाच मार्ग आहे. माझा सल्ला असा की सुरुवातीलाच दोन महिन्यांची अनामत घ्यावी आणि पहिला महिना थकताच बोलावे. चौथ्या महिन्यापर्यंत थांबू नये.

१२. मालक बेपत्ताच झाला आहे. फोन बंद, पत्त्यावर कोणी नाही.

भुकेने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हाही कलम ११ खालील गुन्हा आहे. नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी, पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला कळवावे आणि रोजच्या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. घोडा दुसऱ्याला ‘असाच’ देऊन टाकू नये. तो पुढे कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही, आणि उद्या मालक परत आला तर उत्तर पागेलाच द्यावे लागेल.

१३. घोडा वाचण्यासारखा नाही. दयामरणाचा निर्णय कोणाचा?

निर्णय मालकाचा, तोही डॉक्टरांच्या लेखी मतावर, आणि कृती केवळ डॉक्टरांची. मालकाशी संपर्कच होत नसेल आणि जनावर तडफडत असेल, तर कलम १३ मध्ये वाट आहे: शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावू शकतो आणि त्यांच्या दाखल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुढची कारवाई होते. ही वाट त्या रात्री फार लांबची वाटते. म्हणून घोडा धडधाकट असताना, करार करतानाच मालकाने या बाबतीतली आपली इच्छा लिहून द्यावी. हे बोलणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. विमा असेल तर पूर्वसूचनेची अट आहे का, तेही तेव्हाच पाहून ठेवावे.

१४. शेजारच्या ठाणातला दुसऱ्याचा घोडा खंगत चालला आहे. मी मधे पडावे का?

पडावे, पण नुसता आरडाओरडा न करता नोंद ठेवून. एकाच जागेवरून, एकाच कोनातून आठवड्याला एक फोटो काढावा. घोड्याच्या अंगस्थितीसाठी १ ते ९ अशी हेनेके श्रेणी वापरतात. मध्यम, म्हणजे ५ च्या घोड्याच्या बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. बरगड्या, कण्याची रेघ आणि पुठ्ठ्याची हाडे दुरून दिसत असतील तर तो ३ च्या खाली गेला आहे असे समजावे. आधी पागेला आणि त्या मालकाला विचारावे. दात गेलेला म्हातारा किंवा उपचार चालू असलेला घोडाही तसा दिसू शकतो. समाधान झाले नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि पोलीस या क्रमाने लेखी तक्रार करावी. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला आजही दहा ते पन्नास रुपयेच दंड आहे, याची मला चीड येते; तरीही तक्रारीमुळे डॉक्टर दारात येतो आणि घोड्याला त्याची गरज असते.

१५. मित्राच्या फार्महाउसवर घोडा फुकट ठेवला आहे. पैसे घेत नाही म्हणजे मित्रावर जबाबदारी नाही ना?

आहे. कलम १५१ मधील काळजीचे माप पैसे घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला सारखेच आहे, आणि १९६० चा कायदा तर पैशांबद्दल विचारतही नाही. उलट, मित्राने मोबदला न घेता सांभाळण्यासाठी केलेला आवश्यक खर्च कलम १५८ प्रमाणे आपण त्याला परत दिला पाहिजे. अशा ठिकाणी बहुधा गाईगुरे सांभाळणारा गडीच घोड्याकडे पाहतो, म्हणून पशुखाद्याबद्दल (प्रश्न ३) आणि शुळाच्या लक्षणांबद्दल (प्रश्न ५) त्याला समोर बसवून सांगावे आणि डॉक्टरांचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून द्यावा.

१६. पागेत असताना घोडी गाभण राहिली. शिंगरू कोणाचे?

वेगळा करार नसेल तर घोडीच्या मालकाचे. कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेल्या गाईच्या वासराचे उदाहरण आहे आणि तेच येथे लागू होते. पागेच्या घोड्याकडून नकळत असे झाले असेल, तर कुंपण आणि देखरेख यांत पागा कमी पडली का, हा प्रश्न घोडीचा मालक पागेला विचारू शकतो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. वाढीव खुराक, तपासण्या आणि विण्यासाठी मोठे ठाण यांचा खर्च कोणी करायचा, हे शेवटचे तीन महिने सुरू होण्याआधी लिहून ठरवावे.